वजाच्या पायावरचा रेझिस्टन्स

एस्तेर, परवा तुझ्या घरच्या प्रार्थनेला सगळे बोलले. पाळकसाहेब बोलले, तुझे दीर बोलले, शेजारच्या काकूसुद्धा दोन शब्द बोलून रडल्या. मग मला म्हणाले, सुमनताई, तुम्ही बोला, तुम्ही एवढी वर्षं एका टेबलाला बसलात. मी उभी राहिले, "एस्तेर फार चांगली होती" एवढं म्हणाले आणि खाली बसले. तुझी प्रीती माझ्याकडं बघत राहिली. रिक्षात चढल्यापासून उतरेपर्यंत जिचं तोंड बंद होत नाही त्या बाईला दुसरं वाक्य सुचू नये, याचं तिला नवल वाटलं असणार.

सुचत नव्हतं असं नाही गं. एकच गोष्ट तोंडाशी येत होती, आणि ती तशी उभ्याउभ्या सांगायची नव्हती. म्हणून लिहायला बसले. लिहिते तुला, पण चारचौघांनी वाचावं म्हणून लिहिते, कारण चारचौघांत तुझं नाव खराब झालं होतं.

तर भाऊसाहेबांच्या पोल्ट्रीतले पक्षी तुझ्या चुकीनं मेले नाहीत. माझ्या चुकीनं मेले. तू ते स्वतःच्या अंगावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. बारा-तेरा वर्षं झाली त्याला. एवढ्या वर्षांत आपण रोज बोललो, भांडलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, आणि एवढं एक वाक्य मी तुला म्हणाले नाही.

तुला सगळं माहीत आहे. निदान बरंचसं. पण वाचणाऱ्यांना माहीत नाही, तेव्हा मला पहिल्यापासून सांगू दे. मध्ये मध्ये "सुमे, आवर" म्हणायला तू नाहीस, म्हणजे लांबणारच.

स्टॅबिलायझरच्या त्या कारखान्यात आपण रांगेनं बसायचो. तू आयटीआय झालेली, आमच्यावर सुपरवायझर. मी सातवी शिकलेली. मला काम काय, तर दाखवलेल्या भोकात दाखवलेला तुकडा घालायचा आणि मागून सोल्डर मारायचं. एक दिवस मी तुला विचारलं, "बाई, हा आठ पायांचा काळा किडा करतो तरी काय?"

"तुला काय करायचंय? तू पाय मोज. उलटा बसवू नकोस म्हणजे झालं."

मला राग आला. दुपारी मी मुद्दाम तुझ्यासमोर डबा उघडला. हुलग्याची शेंगोळी होती. तुझं लक्ष डब्यावर. मी म्हणाले, "किडा काय करतो ते सांगा, मग मिळेल." तू हसलीस आणि तिथंच, बोटाला लागलेल्या रश्शानं टेबलावर एक त्रिकोण काढलास.

"ही सासू," तू म्हणालीस. "हिला दोन सुना. एक अधिकची, एक वजाची. सुना चांगल्या का वाईट याच्याशी हिला घेणंदेणं नाही. दोघींत फरक किती, एवढंच बघते. मोहरीएवढा फरक दिसला की डोंगराएवढा करून सांगते."

"आणि दोघी अगदी सारख्या वागल्या तर?"

"तर गप्प बसते."

"अशी सासू मी तरी बघितली नाही."

"मीपण नाही. दोघी सारख्या असल्या तरी हिचा कल थोडा एकीकडं असतोच. म्हणून तर आठांतले दोन पाय नुसते तिची तेवढी खोड काढायला दिलेत."

"आणि डोंगर केवढा करते?"

"घरात असेल तेवढाच. बारा व्होल्टचं घर असलं तर बाराच्या वर आवाज जायचा नाही. आणि एक चांगलं आहे तिचं. दोघींचं ऐकते, पण कुणाच्या ताटातला घास घेत नाही. आण ती शेंगोळी."

हा माझा पहिला धडा. दोन नंबरचा पाय वजाचा, तीन नंबरचा अधिकचा, सहामधून सासू बोलते, सातवर आणि चारवर घरचा पुरवठा. त्या किड्याचं, म्हणजे आयसीचं, नाव सातशे एक्केचाळीस. मी घरी गेले आणि पोरांच्या वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहून काढलं. रद्दीच्या दुकानातून इलेक्ट्रॉनिक्सची जुनी मासिकं आणायला लागले. इंग्रजी अक्षरं तर मी तुझ्या कागदांवरूनच शिकले. नवरा म्हणायचा, हिला आता घरात चूल दिसत नाही, सगळीकडं तारा दिसतात.

कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका शिवणाला, शेताला गेल्या. तू मला म्हणालीस, "माझ्या ओट्यावर टेबल टाकू. पंपाचे ऑटोस्विच, फवारणीच्या पंपाचे चार्जर, काय येईल ते करू." मी म्हणाले, "मला काय येतं?" तू म्हणालीस, "माझ्यापेक्षा तुझं सोल्डर चांगलं आहे. बाकीचं येईल." ते बाकीचं तू शिकवलंस. मी ते कुणाला सांगितलं नाही. लोक विचारायचे तेव्हा मी ऐटीत म्हणायचे, माझी मीच शिकले. तू शेजारी बसलेली असायचीस आणि मान हलवायचीस, हो, तिची तीच शिकली.

आता ते रेझिस्टन्सचं सांगते.

तुमच्या प्रार्थनेच्या माइकसाठी आपण एक छोटा ॲम्प्लिफायर केला होता, आठवतं? पहिल्यांदा त्यात आवाज नुसता फाटत होता. पाळकसाहेब बोलायला लागले की वाटायचं पत्रे वाजतायत. तेव्हा तू सहा नंबरच्या पायापासून एक रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारा रंगीत पट्ट्यांचा तुकडा, मागं आणलास, दोन नंबरला, वजाला. आणि आवाज एकदम माणसाचा झाला. मी विचारलं कसा, तर तू म्हणालीस, "सासूचंच बोलणं थोडं वजाच्या सुनेच्या तोंडून तिला परत ऐकवायचं. आपला आवाज आपल्याच कानावर आला की माणूस नरमतं."

हे मला इतकं पटलं की मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, परत आणायचं ते वजाकडं. खाली दोन रेघा मारल्या. शाळेत शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट चुकली तर तो म्हणतो, बरं, दुसरं पुस्तक बघू. माझ्यासारखीनं एकेक गोष्ट दगडातून उकरून काढलेली असते. ती मग सुटत नाही हातातून. कुणी म्हटलं की याच्या उलटंही असतं, तर वाटतं माझं लुटायला आलेत.

भाऊसाहेब नेवाश्याच्या रस्त्यावरच्या गावातून आले. पोल्ट्रीच्या शेडमध्ये ऊन वाढलं की पंखे आपोआप लागावेत आणि थंड झालं की बंद व्हावेत, असं काहीतरी करून हवं होतं. तू कागदावर काढलंस. उष्णता ओळखणारा तुकडा अधिकच्या पायाला, किती उष्णतेला पंखा लावायचा ते ठरवायचं बटण वजाच्या पायाला. शेडमध्ये ऊन चढलं की अधिक वरचढ, सासू बोलते, रिले, म्हणजे विजेचा खटका, ओढला जातो, पंखा लागतो. आणि सहा नंबरपासून एक मोठा रेझिस्टन्स मागं, पिवळ्या-जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, तीन नंबरला. म्हणजे अधिकच्या पायाला.

मी म्हणाले, "हे चुकलंय. परत आणायचं ते वजाला."

तू म्हणालीस, "इथं नाही."

"का नाही? माइकला तर वजाला आणलं होतं."

"माइकला गोड बोलायचं होतं. इथं एकदा हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही, एवढंच हवंय. मला आत्ता उशीर होतोय सुमे, उद्या सांगते."

आणि तू प्रीतीला घेऊन दंतवैद्याकडं गेलीस. एवढाच वाद झाला. तोही अर्धा.

आपल्यात एक नियम होता. काढणारी तू, जोडणारी मी. जोडताना काही बदलावंसं वाटलं तर त्या जागी लाल पेन्सिलीनं खूण करायची आणि काढणारीला दाखवायची. ती हो म्हणाली तरच बदल. नियम तुझा होता, आणि मी तो कायम पाळला होता. कधी कधी तर उगाच लाल खुणा करायचे, तुला छळायला.

त्या दुपारी मी लाल पेन्सिल उचलली नाही. मला वाटलं, हिनं घाईत दोनच्या ठिकाणी तीन लिहिलंय आणि आता कबूल करायला नको म्हणून उद्यावर ढकलतेय. आपण गुपचूप नीट करून टाकू. हिची चूक झाकली जाईल. एस्तेर, मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी तुझ्यावर उपकार करतेय. दोन आणि तीन नंबरचे पाय एकमेकाला लागूनच असतात. ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर. मी तो रेझिस्टन्स एक भोक अलीकडं घातला, सोल्डर मारलं, आणि वरून डबी बंद केली.

दुसऱ्या दिवशी चालवून बघितलं तर झकास चाललं. सोल्डरिंगची गरम गन त्या तुकड्याजवळ नेली की रिले खटकन लागायचा. लांब नेली, फुंकर मारली की खटकन सुटायचा. समोर बल्ब लावला होता, तो लागत होता, विझत होता. तू म्हणालीस, "छान." मी मनात म्हणाले, बघ, कुणाचं बरोबर होतं. आणि तो राहिलेला वाद मी पुन्हा काढला नाही. जिंकलेला वाद कोण काढतं?

गरम गन जवळ नेली की ऊन एकदम चढतं. शेडमधलं ऊन तसं चढत नाही. ते रांगत चढतं. दोन्ही सुना जवळजवळ सारख्या असतात, अर्धा-अर्धा तास तशाच असतात. तिथं वजाला परत आणलेल्या त्या रेझिस्टन्सनं सासूला नरम केलं. धड हो नाही, धड नाही नाही. रिले अर्धवट ओढला जायचा, सुटायचा, परत ओढला जायचा. नुसती टिकटिक. पंख्याची मोटर आपल्या बल्बासारखी गरीब नव्हती. प्रत्येक टिकेला ठिणगी. असं थोडे दिवस चाललं आणि एप्रिलच्या एका दुपारी रिलेचे पॉइंट जळून गेले, पंखे बंद पडले. भाऊसाहेब भाच्याच्या लग्नाला गेले होते. आपोआप चालणारी वस्तू आहे म्हणून निर्धास्त गेले होते.

ते आले तेव्हा आपण दोघी टेबलाला होतो. सकाळचे दहा असतील. मोटरसायकल उभीही नीट केली नाही, तशीच भिंतीला टेकवली. डबी आणून टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"बाई, सगळे गेले," ते म्हणाले. "शेडात पाऊल ठिवायला जागा न्हाई. मालकीन एकटी खड्डा खंदून ऱ्हायली."

तू डबी उघडलीस. बोर्ड बाहेर काढलास. उलटा केलास आणि उजेडाला धरलास. मी तुझ्या चेहऱ्याकडं बघत होते. त्या वेळी तू काय पाहिलंस, हा प्रश्न मी तेव्हापासून घेऊन बसले आहे. जळालेला रिले तर कुणालाही दिसला असता. पण तू बोर्ड वरून नाही पाहिलास, खालून पाहिलास. सोल्डरच्या बाजूनं. आणि बराच वेळ पाहिलास.

मग तू म्हणालीस, "भाऊसाहेब, चूक माझी आहे. बोर्ड माझ्या टेबलावरून गेला."

"तुमची?"

"माझी."

माझ्या हातात सोल्डरिंगची गन होती. गरम होती. मी ती स्टँडवर ठेवायचीही विसरले होते. भाऊसाहेब मग बोलले. बायकांच्या हातचं घेतलं हाच गाढवपणा झाला म्हणाले. आपल्याला जमत न्हाई ते करू नये मानसानं, म्हणाले. तू ऐकून घेतलंस. मी गन धरून उभी. मला तोंड होतं, एस्तेर. सगळ्या गावाला माहीत आहे मला केवढं तोंड आहे.

ते गेल्यावर तू मला एवढंच म्हणालीस, "सुमे, ती गन ठेव. हात भाजेल."

भाऊसाहेब त्या वेळी त्यांच्या गावातल्या शाळेच्या समितीवर होते. त्या उन्हाळ्यात तू तिथल्या मोठ्या मुलींना वायरिंग आणि दुरुस्ती शिकवायला जाणार होतीस. किती वर्षं तुझ्या मनात होतं ते. तू वह्या आणून ठेवल्या होत्यास, पहिल्या धड्याला सासू सांगायची का दुसऱ्या, यावर आपण भांडलो होतो. मी म्हणत होते पहिल्याला, म्हणजे पोरी हसतील. शाळेतून निरोप आला, सध्या राहू द्या. ते सध्या कधी संपलंच नाही. आणि त्या बाजूच्या गावांतून आपल्याकडं काम यायचंही थांबलं. कुणी विचारलं तर सांगायचे, ती बाई? तिच्या हातानं पोल्ट्री मेली.

तिच्या हातानं. हे मी एसटीत स्वतःच्या कानानं ऐकलं आहे, आणि खिडकीबाहेर बघितलं आहे.

महिन्याभरानं तू एक दिवस मला घरातल्या दाराजवळ नेलंस. म्हणालीस, "हे दार बघ. वाऱ्यानं नुसतं आपटतं. आत-बाहेर, आत-बाहेर. आता याला कडी घातली तर? थोडा वारा आला तर जागचं हलणार नाही. उघडायचं तर जोर लावायला लागेल. आणि उघडलं की उघडंच राहील असा अडसर दुसऱ्या बाजूला. अधिकच्या पायाला परत आणतात ते यासाठी. सासूला हट्टी करायला. तिनं एकदा हो म्हटलं की थोड्याशानं फिरू नये."

मी म्हणाले, "कळलं."

तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "माझंच चुकलं. त्या दिवशीच सांगायला हवं होतं."

आता सांग, या वाक्याचा मी काय अर्थ लावू? कधी वाटतं, तुला सगळं कळलं होतं आणि तू मला दार उघडून दिलं होतंस, की ये, बोल. कधी वाटतं, तुला काहीच कळलं नव्हतं, तू खरंच स्वतःला दोष देत होतीस, आणि मी तो देऊ दिला. दुसरं जास्त वाईट आहे. दोन्ही वेळा मी "कळलं" एवढंच म्हणालेली असते.

मी स्वतःची समजूत कशी घालायचे तेही सांगते. मी म्हणायचे, ती म्हणाली बोर्ड माझ्या टेबलावरून गेला. टेबल तिचं होतंच. खोटं कुठं बोलली? मग मी का मध्ये पडू? असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. चांगलं वागून भरपाई होते असंही वाटायचं. नाताळला तुझ्याकडं करंज्या लाटायला सगळ्यांच्या आधी मी. तुझा गुडघा दुखायला लागला तेव्हा बाजार आणायला मी. तू म्हणायचीस, "किती करतेस गं." ते ऐकलं की मी विषय बदलायचे.

आणि शेवटचे दिवस. तू पडून होतीस, मी पायाशी बसलेले. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "सुमे, काही बोलायचंय का तुला?" इतकं सरळ विचारलंस. मी म्हणाले, "सूप आणू का थोडं?" तू हो म्हणालीस. मी सूप आणलं. तू दोन चमचे घेतलेस. संपलं.

तू गेल्यावर नवव्या दिवशी मी एसटीनं भाऊसाहेबांच्या गावाला गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. ते ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मला ओळखलं त्यांनी. "या बाई," म्हणाले, "त्या मास्तरीनबाई गेल्या म्हनं." तू त्यांच्या शाळेत एक दिवसही शिकवलं नाहीस, तरी ते तुला मास्तरीणबाई म्हणाले. मी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. रेझिस्टन्स कुठं होता आणि मी कुठं लावला, का लावला, लाल पेन्सिल का नाही उचलली. त्यांना त्यातलं निम्मं समजलं नसेल. पण मुख्य ते समजलं.

मला वाटलं होतं, शिव्या देतील. मी त्याच्यासाठी तयार होऊन गेले होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

ते लसणाची पाकळी हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मी चुकीच्या मानसाला बोललो."

त्यांनी पाकळी टोपलीत टाकली.

"दोन वर्सांनी त्या हितल्या लग्नाला आल्त्या. मला बगून हात जोडले त्यांनी. मी तोंड फिरवलं. मालकीन म्हनली, अवो, बोला की. मी न्हाई बोललो." पुढं म्हणाले, "पोरींचं शिकवायचं पन मीच बंद पाडलं. मीच म्हनलो हुतो, ह्या बाईला शाळंत घ्यायचं न्हाई."

"ते माझ्यामुळं."

"व्हय, तुमच्यामुळं," ते म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. "पक्षी गेले ते गेले. त्याचं मला आता काय न्हाई. पन ही गोष्ट तुमी ती बाई हाय तवर सांगायची हुती. मी गेलो असतो. पाया पडलो असतो मी. आता कुटं जाऊ?"

मी माझ्या एकटीच्या पापाचं ओझं उतरवायला गेले होते, आणि त्यातलं निम्मं त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवून आले. निघताना ते फाट्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "कुटं छापून आनता येत असलं तर आना. माजं बी लिवा त्यात. म्हनाव, त्यानं चूक नसताना बोल लावला." म्हणून लिहिते आहे. नाव तेवढं मी बदललं आहे, एस्तेर. त्यांच्या सुना-नातवंडांनी वाचलं तर त्यांना उगाच खाली बघायला नको. माझं मात्र खरं आहे.

हे सगळं करून हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. आता सगळ्यांना कळेल, त्या शाळेतल्या आताच्या बाईंनाही मी जाऊन सांगणार आहे, तुझ्या नावावरचं ते पुसलं जाईल. पण ज्या मुली तुझ्याकडून शिकल्या असत्या त्यांची आता लग्नं होऊन पोरं शाळेत जातात. त्यांच्यातल्या एकीला तरी तो आठ पायांचा किडा आवडला असता. ते मी कुठून परत आणू? आणि तू माफ केलंस का, हे विचारत नाही. ते तू सुपाला हो म्हणालीस तेव्हा विचारायचं होतं.

काल प्रीतीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, तुझ्यासारखंच, मध्ये न बोलता. मी तिला विचारलं, "तुझ्या आईला कळलं होतं का गं? घरात कधी बोलली का?"

ती म्हणाली, "नाही मावशी. ती असं काही कधी बोलली नाही."

"पण तिनं बोर्ड खालून पाहिला होता. आणि भाऊसाहेबांकडं जाण्याआधीही पाहिला असणारच. रोज मी गेल्यावर दिवा लावून ती माझं सगळं काम तपासत असणार. मी त्याच भरवशावर होते. वाटायचं, चुकलं असेल तर तिला दिसेल. दिसलं नाही म्हणजे बरोबर."

प्रीती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "आई स्वतःचं काम दोनदा तपासायची मावशी. माझा अभ्याससुद्धा दोनदा. तुमचं कधीच तपासलं नाही तिनं. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, सुमननं बदललं तर ती लाल खूण करते. खूण नाही म्हणजे बघायची गरज नाही."

"आणि पोल्ट्रीचं झाल्यावर?"

"त्याच्यानंतरही नाही."

मी तिथून उठून ओट्यावर आले आणि आपल्या टेबलापाशी बसले.

तपासायचं होतंस गं, एस्तेर. माझंसुद्धा तपासायचं होतंस.